निकाह हा इलाज नव्हे

(आटगाव, ता. शहापूर येथे झालेल्या युवक-युवती शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)

 

सकाळच्या सत्रात तलाक, मेहर आणि वारसाहक्कावर चांगली चर्चा झाली. मुलींनी मोकळेपणानं प्रश्न विचारले. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, तेव्हा या गोष्टींवर चारचौघांत तोंड उघडणंही कठीण होतं. पुढे २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. त्यानंतरची पन्नासहून जास्त वर्षं कोणी ना कोणी बोलत राहिलं, शिव्या खात राहिलं, म्हणून आज आटगावात बसून आपण तलाकवर सहज बोलतो.

माझा विषय मात्र असा आहे की ज्याला आपल्या घरांत अजून शब्दच नाही. काही माणसांना लैंगिक संबंध नको असतो. चुकीच्या माणसाशी नको, लग्नाआधी नको, असं नाही. कोणाशीच नको, कधीच नको. त्या विचारानंच त्यांचं अंग आक्रसतं, किळस येते, पळून जावंसं वाटतं. आणि हे त्यांनी ठरवलेलं नसतं. ते तसेच असतात.

अशा माणसांबद्दल आपल्याकडे एकच वाक्य तयार असतं : "निकाह झाला की सगळं ठीक होईल." मी आज या एका वाक्याविरुद्ध बोलायला उभा आहे.

आधी शब्द नीट समजून घेऊ. ज्या व्यक्तीला कोणाहीबद्दल लैंगिक ओढ वाटत नाही, तिला 'एसेक्शुअल' म्हणतात. मराठीत 'अलैंगिक' हा शब्द आता रुळू लागला आहे. पण सगळे अलैंगिक लोक एकसारखे नसतात, म्हणून त्याला वर्णपट म्हणतात. काहींना क्वचित ओढ वाटते. काहींना खूप ओळख आणि जिव्हाळा झाल्यावरच वाटते. काहींना कधीच वाटत नाही. आता ओढ नसली म्हणजे तिरस्कार असतोच असंही नाही. काही जण संबंधाबाबत उदासीन असतात : जोडीदारासाठी चालेल, नसला तरी चालेल. आणि काही जणांना तो सहनच होत नाही. त्यांना इंग्रजीतून आलेला शब्द आहे 'सेक्स-रिपल्स्ड'. ज्यांना ओढही नाही आणि वर किळसही आहे, त्यांच्यातले काही स्वतःला 'अपोथिसेक्शुअल' म्हणवतात. शब्द लक्षात राहिले नाहीत तरी चालेल. माणसं लक्षात ठेवा.

इथे तीन गैरसमज होतात. पहिला : हे ब्रह्मचर्य आहे. नाही. ब्रह्मचर्य हा निर्णय असतो. ज्याला इच्छा आहे तो ती आवरतो. इथे आवरायला काही नसतंच. दुसरा : अशी माणसं कोरडी असतात, त्यांना प्रेम कळत नाही. हेही खरं नाही. त्यांच्यातल्या अनेकांना सोबत हवी असते, घर हवं असतं, कोणीतरी वाट पाहणारं हवं असतं. काहींना मुलंही हवी असतात. फक्त ती एक गोष्ट नको असते. तिसरा : हे नपुंसकत्व आहे. शरीर काम करत नाही, ही एक गोष्ट. शरीर ठीक आहे पण मनाला ते नको आहे, ही वेगळी गोष्ट. आपल्याकडे या दोन्ही एकाच थैलीत टाकतात आणि त्या थैलीवर 'मर्दानगी' असं लिहितात.

कसारा लोकलनं तुम्ही आला असाल तर वाटेत भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती पाहिल्या असतील. डब्यातही स्टिकर चिकटवलेले असतात. गुप्तरोग, कमजोरी, शादी से पहले, शादी के बाद, खात्रीशीर इलाज. त्या जाहिरातींचा सगळा धंदा एकाच गृहीतावर चालतो : प्रत्येक पुरुषाला हे हवंच असतं, आणि ज्याला नको, तो आजारी.

मी स्वतः त्या स्टिकरवरच्या पत्त्यांपैकी एका पत्त्यावर जाऊन आलो आहे. कारण मी या वर्णपटावरचा माणूस आहे. आज माझं वय छत्तीस आहे आणि माझा निकाह झालेला नाही. सत्तावीस वर्षांचा असताना घरात रिश्त्यांची बोलणी सुरू झाली, तेव्हा मी अब्बांना सांगितलं, "मला सोबत नको असं नाही. मला ते नको." अब्बा बराच वेळ जमिनीकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "हकीमसाहेबांकडे जाऊन ये." गेलो. त्यांनी नाडी पाहिली, माझ्याकडे न बघता तीन महिन्यांच्या पुड्या बांधून दिल्या. दुधातून घ्यायच्या. घेतल्या. वजन चार किलो वाढलं. बाकी मी होतो तसाच. पुढे एका एमबीबीएस डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, अहवाल साफ आले, आणि त्यांनीही तोच सल्ला दिला : लग्न करून टाक.

म्हणजे पाहा, हकीम आणि डॉक्टर एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण या एका औषधावर दोघांचं एकमत होतं.

आता वैद्यकशास्त्र काय म्हणतं ते सांगतो, कारण 'हे इंटरनेटवरचं खूळ आहे' असं तुम्हाला कोणीतरी सांगणारच. अमेरिकेतल्या आल्फ्रेड किन्सी यांनी १९४८ साली पुरुषांच्या लैंगिक वर्तनावरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी माणसांना एका मोजपट्टीवर बसवलं, तेव्हा काही माणसं त्या पट्टीवर बसेनात. कोणाहीबद्दल लैंगिक प्रतिसाद नसलेल्या त्या लोकांसाठी त्यांनी 'एक्स' नावाचा वेगळा रकाना केला. म्हणजे माणसं तेव्हाही होती, नाव नव्हतं. २००४ साली अँथनी बोगर्ट या संशोधकानं ब्रिटनमधल्या अठरा हजारांहून जास्त लोकांच्या पाहणीतली माहिती तपासली. सुमारे एक टक्का लोकांनी सांगितलं होतं की त्यांना कोणाहीबद्दल कधीच लैंगिक ओढ वाटलेली नाही. शंभरात एक. त्याच्या तीन वर्षं आधी, २००१ मध्ये, अमेरिकेत डेव्हिड जे या तरुणानं अशा लोकांना एकमेकांशी जोडणारं जाळं सुरू केलं होतं. ते आज जगभर पसरलं आहे.

किळसेची गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. अमेरिकेतली मानसोपचारतज्ज्ञांची संघटना मानसिक आजारांची यादी काढते. जगभरचे डॉक्टर ती वापरतात. १९८७ साली त्या यादीत लैंगिक संबंधाविषयीची घृणा हा स्वतंत्र आजार म्हणून घातला गेला. २०१३ च्या आवृत्तीतून तो काढून टाकण्यात आला. त्याच आवृत्तीत इच्छा कमी असण्याच्या निदानाबाबत हेही स्पष्ट केलं की, जी व्यक्ती स्वतःला अलैंगिक समजते तिला हे निदान लावायचं नाही. म्हणजे माझ्यासारख्याला जे पुड्या बांधून देत होते, त्यांच्या हातातलं पुस्तक बदललं होतं. पुस्तक बदलल्याची बातमी आपल्या तालुक्यापर्यंत यायची राहिली होती.

इथे एक सावधगिरी सांगतो. प्रत्येक 'नको' अलैंगिकतेचं नसतं. लहानपणी कोणी गैरवर्तन केलं असेल, संबंधाच्या वेळी शारीरिक वेदना होत असतील, नैराश्य असेल, एखाद्या औषधाचा परिणाम असेल, तर त्यातूनही घृणा येऊ शकते. त्यासाठी मदत मिळते आणि ती घ्यावी. फरक कसा ओळखायचा? स्वतःला विचारा : मला या गोष्टीचा त्रास आहे, की लोक मागे लागतात त्याचा त्रास आहे? एकटं असताना, कोणी काही मागत नसताना तुम्ही शांत असाल, तर तुमच्यात दुरुस्त करण्यासारखं काही नसण्याची शक्यता मोठी आहे. पण कारण कुठलंही असो, एक गोष्ट बदलत नाही. जखमेमुळे आलेलं 'नको' असो किंवा जन्मतः असलेलं 'नको' असो, ते 'नको'च आहे. त्यावर जबरदस्ती हा दोन्हींवर इलाज नाही.

आता मला तुमच्यासमोर एका बहिणीची हकीकत ठेवायची आहे. ती मुरबाड तालुक्यातली, एवढंच सांगतो. तिच्या परवानगीनं सांगतो आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. एकविसाव्या वर्षी निकाह झाला. मुलगा चांगला. व्यसन नाही, हात उचलणं नाही, पगार आईच्या हातात आणून देणारा. निकाहाआधी तिनं अम्मीला सांगायचा प्रयत्न केला होता. अम्मी म्हणाली, "सगळ्याच मुली घाबरतात." खाला म्हणाली, "शर्मीली आहे." निकाहानंतर ती मगरिबची अजान झाली की पोटात गोळा येऊ लागला, कारण रात्र जवळ आली. ती नहाणीत जाऊन तासभर बसायची. माहेरी सांगितलं तर उत्तर मिळालं, सब्र कर. सासरी कुजबुज सुरू झाली की हिचं दुसरीकडे कुठे तरी असेल. मग कोणीतरी म्हणालं, असर झाला आहे. तावीज आला, पाणी फुंकून आलं.

या गोष्टीतला नवरा मला महत्त्वाचा वाटतो. आपण त्याला खलनायक करून मोकळे होतो, पण तो तसा नव्हता. त्यानं जबरदस्ती केली नाही. त्याला वाटायचं आपल्यातच काहीतरी वाईट आहे, आपल्या अंगाला वास येतो, आपण तिला आवडत नाही. मित्रांत तो खोटं हसायचा. अकरा महिने दोन चांगली माणसं एका खोलीत एकमेकांना घाबरत राहिली. मग खुला झाला. तिनं मेहर परत केली. आज दोघंही ठीक आहेत. तो पुन्हा निकाह करून सुखात आहे, ती नोकरी करते. पण त्या अकरा महिन्यांची भरपाई कोण देणार? ज्यांनी ज्यांनी 'सगळं ठीक होईल' म्हटलं होतं, त्यांच्यापैकी एकालाही त्या खोलीत झोपावं लागलं नाही.

म्हणून मी म्हणतो, हा फक्त 'वेगळ्या' माणसांचा प्रश्न नाही. ज्या मुलाला किंवा मुलीला शरीरसंबंध हवा आहे, घरसंसार हवा आहे, तिच्या हक्काचाही हा प्रश्न आहे. तुम्ही एका माणसाचं औषध म्हणून दुसरं माणूस वापरता आहात.

आता धर्माकडे येतो. मी आलिम नाही. पण जे वाचता येतं ते वाचलं पाहिजे, असं या चळवळीनं मला शिकवलं. लोक म्हणतात, निकाह सुन्नत आहे आणि तो टाळणारा आपल्यातला नाही. तीन माणसांची हदीस सांगतात. एक म्हणाला मी रोज रोजे ठेवीन, दुसरा म्हणाला रात्रभर नमाज पढेन, तिसरा म्हणाला कधीच निकाह करणार नाही. पैगंबरांनी तिघांनाही अडवलं. हदीस खरी आहे. पण तिघांचं काय चाललं होतं ते पाहा. भूक असताना न खाणं, झोप असताना न झोपणं, इच्छा असताना न करणं. अल्लाहनं दिलेली गरज दाबून ते पुण्य कमवायला निघाले होते. ज्याला ती गरज दिलेलीच नाही, त्याची गोष्ट वेगळी आहे. ज्याला भूकच लागत नाही, तो जेवला नाही म्हणून त्याचा रोजा होत नाही.

अशी माणसं असतात, हे कुरआनला माहीत आहे. सूरह नूरच्या ३१व्या आयतीत, स्त्रियांनी कोणासमोर साजशृंगार झाकण्याची गरज नाही याची यादी आहे. बाप, भाऊ, मुलगा, भाचे. त्या यादीत असे पुरुष सेवकही आहेत, ज्यांना स्त्रियांविषयी इच्छा नसते. चौदाशे वर्षांपूर्वीच्या मजकुरात त्यांचा उल्लेख आहे, आणि त्यात शिवी नाही, धिक्कार नाही. एक वस्तुस्थिती म्हणून आहे. सूरह आले-इमरानच्या ३९व्या आयतीत हजरत याह्या यांची स्तुती करताना 'हसूर' हा शब्द येतो. स्त्रीसंगापासून दूर असलेला, असा त्याचा अर्थ. ते दूर का होते, यावर भाष्यकारांत मतं वेगवेगळी आहेत. पण तो शब्द आलेला आहे तो कौतुकाच्या यादीत.

फिकहमध्ये निकाह सगळ्यांना एकसारखा लागू नाही. माणसाची परिस्थिती पाहून तो कोणाला वाजिब, कोणाला सुन्नत, कोणाला मुबाह, कोणाला मकरूह, आणि समोरच्यावर अन्याय होणार हे नक्की असेल तर हरामही ठरतो. आपल्या ठाणे-रायगड-रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान शाफई मसलकाचे. त्या मसलकाचे मोठे इमाम म्हणजे नववी. त्यांचं 'रियाजुस्सालिहीन' तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल. त्यांनीच आपल्या 'मिन्हाज' या ग्रंथात मांडलं आहे की, ज्याला निकाहाची गरज वाटत नाही आणि ऐपतही नाही, त्यानं तो करणं मकरूह आहे. ऐपत आहे पण गरज वाटत नाही, त्यानं इबादतीत राहणं अधिक चांगलं. हे लिहिणारे इमाम नववी १२७७ साली वारले, अविवाहित. तफसीरचे महान लेखक तबरी अविवाहित होते. इब्न तैमिया अविवाहित होते. राबिया बसरी यांनी निकाह केला नाही अशीच परंपरा सांगते. हे सगळे अलैंगिक होते असं मी अजिबात म्हणत नाही. त्यांच्या मनात काय होतं ते अल्लाहला ठाऊक. मी एवढंच म्हणतो की, त्यांना कोणी पुड्या बांधून दिल्या नाहीत, आणि निकाह केला नाही म्हणून त्यांच्या ईमानावर कोणी शंका घेतली नाही.

आणि खुला. साबित बिन कैस यांच्या पत्नीची हदीस बुखारीत आहे. ती पैगंबरांकडे आली आणि म्हणाली की नवऱ्याच्या दीनमध्ये किंवा वागण्यात मला काही खोट दिसत नाही, पण मला त्याच्यासोबत राहवत नाही. तिला कोणी विचारलं नाही की मग प्रॉब्लेम काय आहे. कोणी म्हटलं नाही की सब्र कर. मेहरमध्ये मिळालेली बाग परत करशील का, एवढं विचारलं. ती हो म्हणाली आणि विषय संपला. नवऱ्याचा काही दोष नसताना फक्त 'नको' हे कारण पुरेसं ठरलं. मुरबाडच्या बहिणीला अकरा महिने लागले ते धर्मामुळे नाही, आपल्यामुळे लागले.

संबंध न आलेला निकाहही कुरआनला अपरिचित नाही. संबंध येण्याआधीच तलाक झाला तर ठरलेल्या मेहरचा निम्मा भाग द्यायचा, हे सूरह बकराच्या २३७व्या आयतीत आहे. अशा स्त्रीला इद्दत नाही, हे सूरह अहजाबच्या ४९व्या आयतीत आहे. आणि निकाहाचा हेतू सांगताना सूरह रूमची २१वी आयत तीन गोष्टींवर भर देते : सुकून, मुहब्बत, रहमत. ज्या खोलीत मगरिबनंतर पोटात गोळा येतो, त्या खोलीत यातली कोणती गोष्ट होती?

आता कायदा. महाराष्ट्रात या विषयावरचा सर्वांत मोठा खटला मुंबईत झाला, सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी. रखमाबाईंचं अकराव्या वर्षी लग्न लावून दिलं होतं. मोठं झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. दादाजी भिकाजी १८८४ साली कोर्टात गेले. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूनं निकाल दिला. १८८७ मध्ये दुसऱ्या न्यायाधीशांनी तो फिरवला : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाते. १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला त्यांनी आयुष्यभर काम केलं आणि पुन्हा लग्न केलं नाही. रखमाबाईंचा नकार एका विशिष्ट नवऱ्याला आणि बालविवाहाला होता, तो आपल्या आजच्या विषयापेक्षा वेगळा आहे. पण त्यांनी विचारलेला प्रश्न आपलाच आहे : माझं शरीर कोणाच्या घरी राहायला पाठवायचं, हे कोर्ट ठरवणार का?

तो प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. नांदायला येण्याचा दावा आजही लावता येतो, मुसलमान पती-पत्नींनाही. तुरुंग आता नाही, पण मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये अठरा वर्षांवरील पत्नीशी नवऱ्यानं केलेल्या जबरदस्तीला बलात्कार मानलेलं नाही. हा अपवाद इंग्रजांच्या काळापासून चालत आला आहे. मात्र मार्ग अगदीच बंद नाहीत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ हा हिंसाचार मानला आहे, आणि तो कायदा सर्वधर्मीय स्त्रियांना आहे. मुस्लिम स्त्रीला १९३९ च्या विवाहविच्छेद कायद्यानं कोर्टातून फारकत मागता येते. २०२१ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं कोर्टाबाहेरच्या खुलालाही मान्यता दिली. स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. आणि २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की, समाजाच्या चालीरीतींत बसत नाही एवढ्यावरून कोणालाही मनोरुग्ण ठरवता येत नाही. घरच्यांनी जबरदस्तीनं 'दाखवायला' नेलं तर हे वाक्य पाठ असू द्या.

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण सांगायचं कसं? मुंबईत राहणाऱ्याला सोपं आहे. आटगावात, शहापुरात, एका मोहल्ल्यात सकाळी शिंकलं तर संध्याकाळी मुरबाडला कळतं. बरोबर आहे. सगळ्यांना सांगायची काही गरजही नाही. माझंही घरात चार माणसांना माहीत होतं, आता तुम्हाला माहीत झालं. पण काही गोष्टी करता येतील.

पहिली, मुलामुलींसाठी. रिश्ता ठरण्याआधी दोघांना एकट्यानं बोलू द्या, असा हट्ट धरा. दहा मिनिटं चहाचा ट्रे ठेवून नव्हे, नीट. आणि त्या बोलण्यात फक्त पगार आणि शिक्षण नको. मुलं हवीत का, शरीरसंबंधाबद्दल काय वाटतं, हे विचारायचं धाडस करा. लाज वाटेल. निकाहानंतर वाटणाऱ्या भीतीपेक्षा ती लाज फार स्वस्त आहे. ज्याला नको आहे, त्यानं समोरच्याला आधी सांगणं हे त्याचं कर्तव्य आहे. मी सांगितलं होतं. ज्या मुलीशी बोलणी चालली होती तिला मी स्वतः सांगितलं. ती उठून गेली नाही. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "बरं झालं सांगितलंत." तो रिश्ता मोडला. माझ्याबद्दल एक शब्दही तिनं बाहेर काढला नाही.

दुसरी, ज्यांना सोबत हवी आहे पण संबंध नको, त्यांच्यासाठी. असं दुसरं माणूस भेटलं, दोघांनाही सगळं माहीत आहे आणि दोघंही राजी आहेत, तर तसा संसार करायला कोणाची हरकत असण्याचं कारण नाही. पती-पत्नींनी आपसांत समजुतीनं हक्क सोडण्याची वाट सूरह निसाच्या १२८व्या आयतीत आहे. अट एकच : राजीखुशी दोघांची हवी, आणि ती फसवून मिळवलेली नको.

तिसरी, आईबापांसाठी. इथे काही आईबाप बसले आहेत. तुमचं मूल 'नको' म्हणालं तर पहिला प्रश्न 'लोक काय म्हणतील' हा विचारू नका. 'कधीपासून असं वाटतं?' एवढं विचारा आणि ऐका. त्याच्या म्हातारपणाची चिंता वाटणं साहजिक आहे. पण आपल्या मोहल्ल्यात डोळे उघडून बघा, म्हाताऱ्या आईबापांना दवाखान्यात कोण नेतंय. बऱ्याच घरांत ती एकटी राहिलेली फुफी असते किंवा बिनलग्नाचा चाचा असतो. त्यांना आपण बिचारे म्हणतो आणि कामं मात्र त्यांनाच सांगतो.

चौथी, काझीसाहेब आणि जमातच्या जबाबदार मंडळींसाठी. मुलीची 'कुबूल' ऐकायला वकील आणि गवाह जातात, तेव्हा खोली बायकांनी भरलेली असते, कोणीतरी मागून तिच्या पाठीला हात लावून 'बोल, बोल' म्हणत असतं. तो होकार की धक्का? निकाहाच्या आठवडाभर आधी मुलगा आणि मुलगी, दोघांना वेगवेगळं, घरचं कोणी नसताना विचारायची पद्धत पाडा. खनसा बिंत खिदाम यांचा निकाह त्यांच्या वडिलांनी मर्जीविरुद्ध लावला, तेव्हा पैगंबरांनी तो रद्द केला होता. जी गोष्ट नंतर रद्द करावी लागते, ती आधी विचारलेली बरी.

आणि मन फारच घेरून आलं, जीव नकोसा झाला, तर एकटं राहू नका. टेलि-मानस ही सरकारची मोफत मानसिक आरोग्य सेवा आहे, नंबर १४४१६. मराठीत बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही.

शेवटी र. धों. कर्वे यांची आठवण काढतो. १९२७ पासून १९५३ पर्यंत ते मुंबईतून 'समाजस्वास्थ्य' काढत होते. लोकांच्या लैंगिक प्रश्नांना ते छापून उत्तरं द्यायचे. त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. खटला हरले. पण प्रश्न विचारणारे वाचक थांबले नाहीत आणि कर्वेही थांबले नाहीत. आपल्या मराठी भाषेला या विषयांवर बोलायची सवय आहे. मधे ती मोडली, एवढंच. ती पुन्हा लावायची असेल तर सुरुवात आजच करू. कागदाच्या चिठ्ठ्या आणि पेन मागच्या टेबलावर आहेत. नाव न लिहिता प्रश्न टाका. संध्याकाळच्या चहापर्यंत मी इथेच आहे, सगळ्यांची उत्तरं देऊनच कसारा लोकल पकडीन.